कल्पनेतील मराठी आरमार

नागपुरातील कळमन्याहून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि एकोणिसाव्या शतकातील मराठी आरमाराची जहाजे कल्पनेने आखण्याची हौस आम्हांसही होते. सामग्री काय होती? सागवान होते, कुशल हातही होते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागवानाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. परंतु तिचे नकाशे लंडनहून आले होते. आपले नकाशे आखविणारे समर्थ आरमार उरलेच नव्हते. १७५६ साली विजयदुर्गी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हां इंग्रजांच्या साह्यास पेशव्यांचीच फौज उभी होती. सबब कल्पित जहाजाच्या तोफा मोजण्यापूर्वी घरची एकी गृहीत धरावी लागते; आणि कल्पनेचा सारा भार तिच्यावरच पडतो.