कातळाशी गाठ, स्लायडरची पारख

पावसाने उघडीप दिली की मुंबई-पुण्याच्या फोर बाय फोर गाड्या कर्जत-खालापूरच्या दिशेने निघतात. महामार्ग सोडून काही किलोमीटर आत गेले, की डांबर संपते. पुढे मुरमाची वाट, भाताची खाचरे आणि मग ओढा. गाडीची खरी परीक्षा चिखलात होत नाही. चिखलात रुतलेली गाडी दोर लावून ओढली की बाहेर येते. ओढ्यातला काळा धोंडा मात्र गाडीवर कायमची खूण ठेवतो, आणि ती खूण बहुधा दारांखालच्या उंबरठ्यावर, गॅरेजच्या भाषेत ‘सिल’वर, उमटते.

याचे कारण साधे आहे. पुढचे चाक धोंड्यावर चढते, पलीकडे उतरते आणि दोन चाकांमधले गाडीचे पोट नेमके धोंड्यावर टेकते. दोन चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका हा धोका मोठा. तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर २४५० मि.मी. आहे, जिम्नीत २५९०, तर २०२४ साली आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये २८५० मि.मी. मागच्या प्रवाशांची सोय करणारे हे जादा चाळीस सेंटिमीटर ओढ्यात मात्र जड जातात.

सह्याद्रीचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट आहे. त्याच्या एका घनमीटरचे वजन तीन टनांच्या जवळपास भरते. म्हणजे वॉशिंग मशीनएवढा धोंडा पाऊण टनाच्या घरात जातो. गाडी टेकली म्हणून तो बाजूला सरकणार नाही. सरकायचे ते गाडीनेच. सिल ही पातळ पत्रे दुमडून, जोडून केलेली पेटी असते. ती वर दाबली गेली की दाराची चौकटच बिघडते. वाहत्या पाण्यात गाडी अडकलेली असताना दार न उघडणे ही केवळ डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चाची बाब राहत नाही.

हा मार सिलऐवजी स्वतःवर घेण्यासाठी आणि गाडीला धोंड्यावरून घसरत पुढे जाऊ देण्यासाठी रॉक स्लायडर असतो. बाजारात मात्र त्याच्या नावाखाली पुष्कळदा साधी पायरीच विकली जाते. पायरीवर माणसाचा भार पडतो, स्लायडरवर गाडीचा. दिसायला दोन्ही सारखेच: काळा रंग, वर जाळीदार पत्रा, दोन टोकांना डौलदार वळण. फरक ओळखायचा तर गाडीखाली वाकून पाहावे लागते. त्याच्या भुजा सिलच्या पत्र्याला बोल्ट केलेल्या असतील तर ती पायरी होय. अशी पायरी नसलेली बरी, कारण धोंड्याचा धक्का ती थेट सिलमध्येच ढकलते. स्लायडरच्या भुजा चासीला, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्याला, धरलेल्या असतात. थार आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांना असा सांगाडा आहे. गाडीची बॉडी त्यावर रबरी बैठकांवर बसवलेली असते आणि खडबडीत वाटेवर ती किंचित हलते. म्हणून स्लायडर आणि सिल यांच्यात साधारण बोटभर तरी मोकळी जागा हवी. ज्या एसयूव्हींना वेगळी चासी नाही, त्यांना हा उपाय याच रूपात लागू पडत नाही. त्यांनी असे ओढे टाळावेत, हेच उत्तम.

बळकटीचा प्रश्न आला की चर्चा पाइपाच्या जाडीपाशी थांबते. जाडी महत्त्वाची आहेच, पण भुजांमधले अंतर तितकेच महत्त्वाचे, आणि त्याची चौकशी क्वचितच कोणी करतो. नळकामात वापरला जाणारा निळ्या पट्ट्याचा दीड इंची ‘मीडियम’ पाइप घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मि.मी. आणि जाडी ३.२ मि.मी. असते. साध्या पोलादाच्या ताकदीवर ढोबळ हिशेब केला, तर दोन भुजांमध्ये १.२ मीटर अंतर असताना मधोमध सुमारे चारशे किलोंचा भार पडला की हा पाइप कायमचा वाकू लागतो. मध्ये आणखी एक भुजा देऊन अंतर ६० सेंटिमीटर केले की तोच पाइप आठशे किलो पेलतो. पाइपाऐवजी ५० बाय ५० मि.मी.ची, ४ मि.मी. जाडीची चौकोनी नळी घेतली, तर हा आकडा दीड टनाच्या पुढे जातो. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे मीटरमागे साडेतीन किलोऐवजी साधारण साडेपाच किलो वजन.

हे आकडे मोठे वाटतात, पण गाडीही हलकी नसते. तीन दारांची थार रिकामी असतानाच पावणेदोन टनांच्या आसपास भरते. चार माणसे आणि सामान धरले, तर एका बाजूवर एक टन येतो. गाडी हळूच न टेकता एकदम बसली, तर धक्क्याचा परिणाम स्थिर भाराच्या किमान दुप्पट होतो. त्यातच भुजा म्हणजे एका टोकाला धरलेली दांडी. चासीपासून २५ सेंटिमीटरवर एकाच भुजेवर टनभर भार आला, तर वर सांगितलेली चौकोनी नळीसुद्धा मर्यादेच्या काठावर पोहोचते. म्हणून भुजेच्या मुळाशी त्रिकोणी आधारपट्टी, म्हणजे ‘गसेट’, आणि चासीला टेकणारी रुंद, जाड प्लेट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पातळ चासीवर छोटी प्लेट ठेवली, तर स्लायडर शाबूत राहतो आणि चासी चेपते. हा सौदा सर्वांत महागाचा.

भुजा वेल्ड कराव्यात की बोल्ट, यावर शौकिनांमध्ये वाद आहे. वेल्डिंग भक्कम होते, पण चासीला दिलेली उष्णता परत घेता येत नाही. शिवाय शेजारून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असते. नव्या गाडीसाठी चासीवरील मूळ छिद्रे वापरून केलेली बोल्टची बैठकच शहाणपणाची. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा आकडा कोरलेला असावा. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट येथे चालत नाही.

स्टेनलेस स्टीलचा मोह टाळलेला बरा. ते चकाकते, पण दगडावर घासले की खरवडते, अडते आणि घसरण्याचा मूळ हेतूच बाजूला राहतो. कोकणातल्या पावसात गंजाची भीती खरी आहे, परंतु गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त लागतो. नळीची तोंडे बंद असावीत आणि तळाशी पाणी निथळायला छोटी छिद्रे असावीत. पावडर कोटिंग दगडाने उडतेच, आणि उडालेल्या टवक्याच्या कडेने पाणी आत शिरून गंज पसरतो. त्यापेक्षा साधा प्रायमर आणि रंग बरा, तो दर पावसाळ्यानंतर घरीही पुन्हा लावता येतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पाठवलेल्या पत्राचा रोख पुढच्या क्रॅश गार्ड आणि बुलबारवर होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली. तेव्हा स्लायडर चाकांच्या रेषेबाहेर डोकावणार नाही हे पाहावे आणि आरटीओ व विमा कंपनी यांना आधी विचारावे. शिवाय या दोन्ही तालुक्यांचा काही भाग २००३ पासून माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो. भक्कम स्लायडर आहे म्हणून कोणताही ओढा आपला होत नाही. तोच ओढा खालच्या वाडीचे पाणी असतो.

स्लायडर बसवून झाल्यावर गॅरेजमध्येच एक चाचणी करता येते, आणि ती मागण्यात संकोच करू नये. स्लायडर आणि सिल यांच्यातली फट आधी मोजायची. मग गाडीखाली कोणीही नसताना, दोन भुजांच्या बरोबर मध्ये लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली जॅक लावायचा आणि त्या बाजूची चाके जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचलायची. गाडी वर असताना फट पुन्हा मोजायची. जॅक काढल्यावर ती मूळ मापावर आली पाहिजे, आणि दार पूर्वीइतक्याच हलक्या हाताने लागले पाहिजे.