पायाखालची पाऊण मात्रा

ग्वाल्हेरच्या पडाव पुलावर उभं राहून टाळी वाजवली आणि ती समोरच्या किल्ल्याच्या कड्यावर आपटून परत आली, असं धरून चालू. (खरं तर तिथल्या हॉर्नच्या गदारोळात आपली टाळी आपल्यालाच ऐकू यायची मारामार!) कडा एक किलोमीटरवर मानला तर आवाजाला जाऊन-येऊन दोन किलोमीटर कापायचे, म्हणजे जवळपास 6 सेकंद. त्यातही गंमत अशी की मे महिन्यात 45 अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 358 मीटर धावतो आणि थंडीतल्या 5 अंशांत सुमारे 334. ग्वाल्हेरचा प्रतिध्वनी उन्हाळ्यात साधारण चार दशांश सेकंद आधी पोचणार.

गिटारवादकांच्या पायाशी असणारं डिले पेडल हा कडा पुढेमागे सरकवतं. 375 मिलिसेकंदांचा डिले लावणं म्हणजे चौसष्ट मीटरवर भिंत उभी करणं. पूर्वी हे काम फितीवर चाले. 1959 साली आलेल्या एकोप्लेक्समध्ये ध्वनिफितीची वेटाळी फिरत राही. सूर एका ठिकाणी नोंदला जाई, पुढे थोड्या अंतरावर वाचला जाई, आणि ते अंतर म्हणजेच उशीर. 1969 साली फिलिप्सच्या संशोधकांनी फितीऐवजी इलेक्ट्रॉनिक युक्ती काढली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा चिपमधला प्रत्येक कप्पा विजेचा भार पुढच्याकडे सोपवतो. असे 4096 कप्पे असले आणि घड्याळ सेकंदाला 10 हजार ठोके देत असलं, तर सूर दुसऱ्या टोकाला 204.8 मिलिसेकंदांनी पोचतो. 1983 साली बॉस कंपनीने छोट्या पेडलमध्ये डिजिटल डिले आणला आणि सूर आकडे होऊन स्मृतीत साठू लागला. आज सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या पेडलात अर्धा सेकंद मागे जायचं तर 22,050 नमुने मागचं घर वाचायचं, इतकंच.

पण उशीर किती ठेवायचा, हे गाण्याची लय ठरवते. मिनिटाला 120 मात्रा असतील तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची आणि पाऊण मात्रा 375 ची. आता वादकाने साधी दुगुन वाजवायची, मात्रेला दोन सूर, आणि पेडलाने प्रत्येक सुराची एकच प्रत पाऊण मात्रेनंतर परत करायची. शून्यावरचा सूर पाऊणवर परत येतो, अर्ध्यावरचा सव्वावर, एकवरचा पावणेदोनवर. वादकाने रिकामी सोडलेली प्रत्येक पाव जागा भरून निघते! हात दुगुन वाजवताहेत आणि कानाला चौगुन ऐकू येते आहे. 1987 सालच्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमात यू-टू या बँडच्या एजची गिटार दोन हातांची वाटत नाही, त्यामागे हाच हिशेब आहे. ज्या ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून उभं आहे, तिथल्या विद्यार्थ्याला पाऊण मात्रेचं हे गणित शिकवावं लागणार नाही.

अडचण एवढीच की ढोलकवाला 120 वर राहीलच, याची हमी कोणी द्यावी? लय चढली की 375 चुकीचे, आणि गिटारवर दोन्ही हात गुंतलेले. म्हणून फुटस्विच. त्याच्या पोटात धातूचे दोन तुकडे, बाकी काही नाही. सूर त्यातून जातच नाही. पायाने लयीत दोनदा दाबलं की पेडलातली चिप दोन दाबांमधला वेळ मोजते, त्याची पाऊणकी काढते आणि काल्पनिक भिंत जागेवरून हलवते. याला टॅप टेंपो म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण धातूवर धातू टेकला की तो एकदा टेकून थांबत नाही. काही मिलिसेकंद थरथरत पुन्हापुन्हा लागतो-सुटतो. चिपने प्रत्येक थरथर मोजली तर एका दाबाचे दहा दाब होतील. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर ती क्षणभर कानाडोळा करते. पायाचीही चूक असतेच. 500 ऐवजी 520 दाबले गेले तर पाऊण मात्रा 390 ची होते. चूक फक्त 15 मिलिसेकंदांची, पण पुनरावृत्ती चालू ठेवली असेल तर आठव्या प्रतीपर्यंत ती 120 वर जाते, म्हणजे जवळजवळ पाव मात्रा! म्हणूनच काही पेडलं तीन-चार दाबांची सरासरी धरतात. मला विचाराल तर पाऊल मोजणाऱ्यापेक्षा ही सरासरी काढणारा अभियंता जास्त संगीतज्ञ होता.

स्टिरिओत हीच एक टाच दोन कानांची व्यवस्था बघते. डावीकडे पाऊण मात्रा, उजवीकडे पूर्ण मात्रा असं प्रमाण एकदा ठरवून ठेवलं की लय बदलताच दोन्ही बाजू त्याच प्रमाणात सरकतात. पिंगपाँग नावाच्या प्रकारात एक प्रत डावीकडून येते, तर पुढची उजवीकडून. फुटस्विचच्या एकाच जॅकवर दोन स्विच चालतात, तेही नीट पाहण्यासारखं आहे: पिनवर दोन काळी वर्तुळं असतात, त्यांनी धातूचे तीन भाग पडतात. टोकावर एक स्विच, मधल्या कड्यावर दुसरा, आणि मागचा दांडा दोघांचा सामाईक. एकाने लय द्यायची, दुसऱ्याने डिले चालू-बंद करायचा. नवा फुटस्विच उलटा वागू लागला, दाबल्यावर बंद आणि सोडल्यावर चालू, तर तो बिघडला असं समजून दुकानात धावू नका. बहुधा ध्रुवता उलटी असते. ती बदलायची सोय अनेक स्विचांवर किंवा पेडलाच्या सेटिंगमध्ये असते.

आणि गणेशोत्सवाच्या मंचावर स्टिरिओ डिले वापरणार असाल तर साउंडवाल्याकडे दोन वाहिन्या आधीच मागून घ्या, दोन्ही केबली लावा. मंडप रुंद असेल तर मुख्य भाग मात्र दोन्ही स्पीकरना सारखाच द्या, नाहीतर डाव्या कडेला बसलेल्या आजींना अर्धंच गाणं ऐकू येईल.