मोटारसायकल आणि स्वाराचे शरीर

गॉटलीप डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख ह्यांनी १८८५ साली जर्मनीत पेट्रोलवर चालणारे जे दुचाकी वाहन बनविले, त्याची चौकट लाकडी होती आणि लाकडी चाकांवर लोखंडी धावा चढविलेल्या होत्या. रस्त्यावरील प्रत्येक खडा स्वाराच्या कण्यास जाणवावा, अशीच ही रचना होती. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. १९३५ साली बी. एम. डब्ल्यू. ह्या जर्मन कारखान्याने आपल्या मोटारसायकलींना नळीत नळी सरकणारा आणि तेलाच्या साहाय्याने दोलने शमविणारा पुढचा फोर्क बसविला.

आजच्या मोटारसायकलींत ह्या दोन्ही सुधारणा सर्रास आढळतात. तरीही नवे वाहन घेऊन लांबच्या प्रवासास निघालेल्या स्वाराची कंबर अवघडते, मनगटे दुखतात, बोटांना मुंग्या येतात. ह्यावरून वाहन सदोष आहे असे मानण्याचे कारण नाही. कारखान्यास ठरावीक उंचीचा व वजनाचा स्वार गृहीत धरून वाहन जुळवावे लागते, आणि वाहन घेणारा नेमका त्याच मापाचा क्वचितच असतो. म्हणून मऊ गादी विकत घेण्यापूर्वी वाहन स्वतःच्या शरीराशी जुळवून घ्यावे. ह्या कामास बहुधा काही खर्च येत नाही.

स्वाराचे शरीर वाहनास तीन ठिकाणी टेकते: आसन, फूटरेस्ट आणि हँडल. शरीराचा भार पहिल्या दोहोंनी वाहावयाचा असतो. हँडलचे काम दिशा देण्याचे. ह्याची परीक्षा सोपी आहे. वाहन मधल्या स्टँडवर उभे करून नेहमीप्रमाणे बसावे आणि दोन्ही हात मुठींवरून किंचित उचलावे. धड पुढे कोसळू लागले, तर भार मनगटांवर येत आहे असे समजावे. अशा वेळी हँडलचे बोल्ट सैल करून ते थोडे मागे फिरवावे व बोल्ट पुन्हा घट्ट आवळावे. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोणतीही केबल ताणली जात नाही आणि हात टाकीवर आपटत नाही, ह्याची खात्री करून घ्यावी. ब्रेक व क्लचचे लिव्हर असे फिरवावे, की बोटे त्यांवर ठेवली असता कोपरापासून बोटांपर्यंत एकच सरळ रेषा राहील. मनगट वाकलेले राहिले, तर स्नायूंवर सतत ताण पडतो.

ह्यानंतर स्प्रिंगांचा विचार करावा. मागच्या धक्काशोषकावरील कडे फिरविल्याने स्प्रिंग कडक होते असा समज आहे. तो बरोबर नाही. कडे फिरविल्याने स्प्रिंगेवरील प्रारंभिक दाब तेवढा बदलतो आणि वाहन कमी-अधिक उंचीवर तोलले जाते. स्वार बसला असता मागची बाजू एकूण हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकी खाली जावी, असा सर्वसाधारण नियम आहे. ती ह्याहून जास्त दबली, तर खड्ड्यात स्प्रिंग तळाशी आदळते. मागे माणूस बसणार असेल किंवा सामान लादावयाचे असेल, तर प्रवासापूर्वी हा दाब वाढवावा. टायरमधील हवा टायर थंड असताना, माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी भरावी. जास्त हवेमुळे धक्के वाढतात. कमी हवेमुळे टायर तापतो आणि वाहन वळविणे जड होते.

बोटांच्या मुंग्यांचे मूळ इंजिनाच्या कंपात असते. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दट्ट्या सेकंदास ५० वेळा वर-खाली होतो. ह्या हालचालीतून निर्माण होणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे ४,००० झाले, की बल सुमारे पावणेदोन पट होते. वेग थोडा कमी केल्याने हातांना एवढा आराम का वाटतो, ह्याचे उत्तर ह्या गणितात आहे. मुठी घट्ट आवळल्यास कंप हातात अधिक उतरतो. म्हणून पकड सैल ठेवावी. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन ह्यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या पाथरवटांची तपासणी केली. थंडीत त्यांची बोटे पांढरी व बधिर होत असल्याचे त्यांना आढळले. स्वाराला पोचणारा कंप सामान्यतः इतका तीव्र नसतो. तथापि बधिरपणाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर काटते. बधिर बोटांनी ब्रेक दाबण्यास क्षणाचा विलंब केला, तर तेवढ्यात एखादे मूल रस्त्यात आलेले असू शकते.

मागे बसणाऱ्याच्या सोयीचाही विचार व्हावयास हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागील व्यक्तीसाठी हाताने धरण्याची कायम सोय, फूटरेस्ट आणि मागचे चाक किमान निम्मे झाकणारे आवरण आवश्यक आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये, हा त्या आवरणाचा हेतू होय. केवळ शोभेसाठी ते काढून टाकणे जिवावर बेतू शकते.

हे सर्व बदल एकाच दिवशी करू नयेत. एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने जाऊन पाहावे व अनुभव वहीत टिपून ठेवावा. म्हणजे कोणत्या बदलाने कोणता परिणाम झाला हे निश्चित कळते. नव्या वाहनाच्या आसनातील फोम पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडा नरम पडतो. तोवर गादीविषयी घाईने निर्णय घेऊ नये. आणि वाहन कितीही उत्तम जुळविले, तरी एकाच स्थितीत बसून राहिल्याने रक्ताभिसरण मंदावतेच. तासाभराने थांबून चार पावले चालावे, पाणी प्यावे, आणि मग पुढील मार्गास लागावे.