प्रकाश सापळ्याची एक फाइल, अनेक रूपे

छत्तीसगडच्या भातशेतीत पिवळा खोडकिडा, तपकिरी तुडतुडे आणि गादमाशी यांच्या सर्वेक्षणासाठी प्रकाश सापळा उपयुक्त ठरतो. मात्र एकच रचना सर्व किडींना सोयीची नसते. खोडकिड्याचा पतंग मोठा असतो, तुडतुडा जेमतेम चार मिलिमीटर लांबीचा, तर गादमाशी डासाएवढी नाजूक. दिव्याकडे सूक्ष्म परोपजीवी मित्रकीटकही येतात आणि त्यांना सुटकेचा मार्ग ठेवावा लागतो.

रायपूर येथे संशोधनासाठी आम्ही सापळ्याचे आरेखन संगणकावर केले, तेव्हा त्याची तीन रूपे ठरवली: जाळीविरहित ‘पूर्ण गणना’, एक मिलिमीटर छिद्रांची ‘मित्रकीटक-सुरक्षित’ आणि तीन मिलिमीटर छिद्रांची ‘केवळ पतंग’. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तीन स्वतंत्र फाइल लागत नाहीत. एकाच असेंब्लीत तीन कॉन्फिगरेशन ठेवता येतात. एखाद्या रूपात नको असलेला भाग ‘सप्रेस’ करून बाजूला ठेवता येतो, तसेच त्याच भागाचे माप प्रत्येक रूपात वेगळे ठेवता येते. नरसाळे किंवा दिव्याच्या बैठकीत केलेली सुधारणा मात्र तिन्ही रूपांत आपोआप उतरते.

हीच सोय एका खरिपात आमच्या अंगाशी आली. ‘मित्रकीटक-सुरक्षित’ सापळ्यात पतंगांची संख्या नेहमीसारखी होती, परंतु तुडतुडे जवळजवळ दिसेनासे झाले. ‘प्रादुर्भाव नगण्य’ असा सल्ल्याचा मसुदाही तयार झाला. तो पाठवण्यापूर्वी बांधावर जाऊन पाहिले, तर चुडांच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत तुडतुडे दाटले होते. जाळी मोजली तेव्हा छिद्रे तीन मिलिमीटरची निघाली. ‘केवळ पतंग’ रूपासाठी बदललेले माप माझ्याकडून ‘सर्व कॉन्फिगरेशन’ या पर्यायाने नोंदले गेले होते आणि कार्यशाळेने त्याच आरेखनाबरहुकूम जाळी बनवली होती. सल्ला वेळीच थांबला, पण त्या आठवड्यांच्या नोंदी जुन्या नोंदींशी तुलना करण्यास निरुपयोगी ठरल्या.

या अनुभवातून आम्ही पुढील पथ्ये पाळू लागलो:

१. माप बदलताना ते ‘याच’ कॉन्फिगरेशनला लागू होते की ‘सर्व’, हे प्रत्येक वेळी तपासावे.

२. सर्व रूपांची मापे डिझाइन टेबलमध्ये एकत्र ठेवावीत. एका ओळीत एक रूप असल्यास चूक नजरेत भरते.

३. प्रत्यक्ष बनवायची तेवढीच रूपे ठेवावीत. तीन जाळ्या, दोन वीजस्रोत आणि दोन उंची यांच्या जोडण्या बारा होतात. त्या सर्वांची गरज क्वचितच असते.

४. नवा भाग जोडल्यावर प्रत्येक रूप उघडून पाहावे. नको त्या रूपात तो शिरलेला असू शकतो.

५. कार्यशाळेला आरेखनासोबत त्याच कॉन्फिगरेशनची सुटे भागांची यादी द्यावी आणि सापळा आल्यावर जाळी मोजूनच स्वीकारावी.

६. कॉन्फिगरेशनचे नाव व आवृत्ती सापळ्यावर कोरावी आणि दैनंदिन नोंदवहीत कीटकसंख्येशेजारी लिहावी.

यांतील शेवटचे पथ्य कीटकशास्त्रज्ञांसाठी सर्वांत मोलाचे आहे. सापळ्यातील आकडा किडीइतकाच सापळ्याच्या रचनेवरही अवलंबून असतो. रचना बदलली आणि तिची नोंद राहिली नाही, तर कीड घटली की जाळी बदलली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. शेतकरी मात्र त्याच आकड्यावर विसंबून फवारणीचा निर्णय घेत असतो.