विस्कटलेल्या जेसनला शिस्त लावणारं जेक्यू

सर्व्हरकडून येणारी जेसन फाइल अनेकदा एकाच लांबलचक ओळीत असते. यंत्राचं त्याने काही अडत नाही, माणसाला मात्र त्यात काही सापडत नाही. स्टीफन डोलन यांनी 2012 मध्ये आणलेलं ‘जेक्यू’ हे साधन इथे कामी येतं. टर्मिनलवर जेक्यू, एक टिंब आणि फाइलचं नाव लिहा. प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीवर, आतल्या नोंदी दोन जागा सोडून, नीट मांडलेल्या दिसतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘कॅपिटल एस’ हा पर्याय. तो नोंदींची नावं वर्णक्रमाने लावतो, त्यामुळे दोन फाइलींमधला खरा फरक लगेच उघड होतो. जेक्यू स्वतःहून मूळ फाइल बदलत नाही. निकाल मात्र नव्या नावाच्या फाइलमध्येच वळवा. जुन्याच नावावर वळवलात, तर मूळ मजकूर वाचण्याआधीच पुसला जाईल.