संगणकाच्या कूलरची पारख

आमच्या मराठवाड्यात ‘कूलर’ म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीत बसवलेला, ओल्या गवताच्या जाळ्यांचा पत्र्याचा डबा. आज ज्या कूलरविषयी बोलायचे आहे तो निराळा. टेबलावरच्या संगणकात प्रोसेसर असतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्यांचा जुडगा आणि एक पंखा बसवतात. त्यालाही कूलरच म्हणतात.

गेल्या मे महिन्यात मुरुडला माझ्याकडे एक विद्यार्थी आला. लग्नपत्रिका आणि लग्नाचे व्हिडिओ करून तो शिक्षणाचा खर्च भागवतो. म्हणाला, “सर, दुपारी संगणक रडतखडत चालतो. हा कूलर घेऊ का? चाचणीत प्रोसेसर सत्तर अंशांवर गेला नाही म्हणे.” किंमत अडीच हजार रुपये. त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. मी विचारले, “सत्तर अंश खरे, पण चाचणी कोणत्या खोलीत झाली?”

सारी मेख इथेच आहे. प्रोसेसर ६५ वॅट वीज खात असेल, तर ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याची ऊब एका लहानशा चकतीतून निघते म्हणा ना! ती हवेत नेऊन सोडणे एवढेच कूलरचे काम. तो गारवा निर्माण करीत नाही.

तुम्ही म्हणाल, माठातले पाणी तर हवेपेक्षा गार होते! होते, कारण वाफ होऊन पाणी निघून जाते आणि उष्णता बरोबर नेते. चांगल्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडे पाणी असते. आतली हवा काढून घेतल्यामुळे ते कमी तापमानालाच वाफ होते. पण नळी बंद. वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते व परत येते. उष्णता फक्त जागा बदलते. म्हणून हा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा : खोलीपेक्षा किती अंश वर? २२ अंशांच्या खोलीत ७० आले, म्हणजे वाढ ४८. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर गेली, की तोच कूलर ९० दाखवणार. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. मुलाचे काम दुपारी रखडत होते ते यामुळेच.

वाढ घरीच मोजता येते. सकाळच्या वेळी कॅबिनेटमध्ये हवा शिरते त्या बाजूला तापमापक ठेवा. संगणकाला अर्धा तास भरपूर काम द्या. आकडा स्थिरावला, की त्यातून खोलीचे तापमान वजा करा. दुपारी नको बरं का! प्रोसेसरने वेग कमी केला, की उष्णताही कमी निघते आणि मोजमाप फसवे होते.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पंखा जोरात फिरवला, तर साधा कूलरही बाजी मारील. म्हणून तुलना सारख्याच आवाजाला करावी. दुसरे, मोठे कूलर १५० मिलिमीटरहून उंच असतात. कॅबिनेटचे झाकण लागेल ना, हे आधी पट्टीने मोजावे.

आम्ही त्या मुलाचा संगणक मोजला. सकाळी खोली ३०, प्रोसेसर ८८, वाढ ५८. मग वीज बंद करून कॅबिनेट उघडले. पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, आणि प्रोसेसर व कूलर यांमधली थर्मल पेस्ट चुन्यासारखी वाळलेली. ब्रशाने धूळ काढली, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कामाला ३० अंशांच्या खोलीत ७४ आले, वाढ ४४. म्हणजे ४२ अंशांच्या दुपारीही ८६च्या आसपास.

त्याचे अडीच हजार खिशातच राहिले. तेव्हा श्रोतेहो, नवा कूलर अवश्य घ्या. पण आधी जुन्याची धूळ झाडा, आणि दुकानदाराने तापमान सांगितले, की खोलीचे तापमानही विचारा.