चित्रकलेच्या वर्गात नाव घालण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आपल्या खडकी बाजारात जाहिराती दिसू लागतात : 'नवीन अभ्यासक्रम, नामवंत शिक्षक, वार्षिक प्रदर्शन'. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं अशीच जाहिरात वाचून साठवलेले पैसे भरले होते. तिला शाळेत चित्रकला शिकवायची होती. वर्षभर मन लावून शिकली, आणि नोकरीचा अर्ज करायला गेली तेव्हा कळलं की त्या प्रमाणपत्राला शासनाची मान्यताच नाही. म्हणून आज आम्ही जाहिरातीतल्या या तीन शब्दांबद्दलच बोलणार आहोत.

पहिला शब्द, अभ्यासक्रम. आपल्या राज्यात चित्रकलेच्या शासकीय परीक्षा कला संचालनालय पाहतं. मुलं शाळेतून देतात त्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा त्याच्याच. इंटरमीजिएट पास झालं की दहावीला सवलतीचे गुण मिळतात : 'अ' श्रेणीला 7, 'ब'ला 5, 'क'ला 3. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी., म्हणजे कला शिक्षक पदविका विचारतात. बी.एफ.ए. ही पदवी बारावीनंतर 4 वर्षांची, आणि तिला प्रवेश परीक्षा असते. छंदवर्ग मुळीच वाईट नाही. मन रमतं, हात वळतो. पण तो छंदवर्ग आहे हे फी भरण्याआधी कळायला हवं. तेव्हा सरळ विचारायचं : परीक्षा कोण घेतं, प्रमाणपत्रावर सही कोणाची? मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायला लाजू नका.

दुसरा शब्द, शिक्षक. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि लेण्यांतली चित्रं त्यांच्याकडून उतरवून घेऊ लागले. मुलं वर्गाबाहेर पडून थेट भिंतीसमोर बसून शिकली. याच शाळेत शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तिथेच शिक्षक झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. जाहिरातीत नाव मोठं असतं, पण रोज वर्गावर कोण येतं ते विचारा. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा. शिक्षक प्रत्येकीच्या कागदापाशी थांबतात का, चूक कुठे झाली ते दाखवतात का, की स्वतःच पेन्सिल घेऊन चित्र पूर्ण करून देतात, ते बघा.

तिसरा शब्द, प्रदर्शन. खडकीहून लोकलनं शिवाजीनगरला उतरलं की बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन फार लांब नाही. घोले रस्त्यावर राजा रवि वर्मा कलादालनही आहे. ज्या वर्गाला जायचं, त्याचं प्रदर्शन आधी बघून या. सगळ्यांच्या चित्रांत तेच झाड, तोच डोंगर, तीच होडी दिसली तर समजा, मुलांनी सरांचा नमुना उतरवलाय. प्रत्येकाचा हात वेगळा दिसला तर तिथे खरंच शिकवतात. भिंतीवर चित्र लावण्याचे वेगळे पैसे घेतात का, तेही विचारून ठेवा.

आणि 'आता या वयात कशाला' किंवा 'बायकांना काय करायचंय' असं कुणी म्हटलं, तर धुरंधरांच्या मुलीची, अंबिकाबाईंची आठवण करून द्या. मुलींनी कॉलेजात जाणंच अपूर्वाईचं होतं, त्या काळात त्या जे.जे.त शिकल्या, पदविका घेतली आणि चित्रकार म्हणून उभ्या राहिल्या. 'माझी स्मरणचित्रे' या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय.

आमच्या त्या मैत्रिणीचं वर्ष फुकट गेलं असं आम्ही म्हणणार नाही, हात तर तयार झाला. पैसे मात्र गेले. यंदा ती पुन्हा अर्ज भरतेय, आणि फॉर्म हातात घ्यायच्या आधी तिनं मान्यतेचं पत्र मागितलं. तुम्हीही मागा.